तुकड्यांचे गणित, अखंड वस्तू : परिमित घटक पद्धतीचे शिक्षण आणि हुबळी-धारवाड



स्मृतिव्याख्यानासाठी यंत्र अभियांत्रिकीतील एका गणिती पद्धतीचा इतिहास हा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. धारवाड म्हटले की बेंद्रे यांची कविता आठवते, मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे आठवते. हुबळी म्हटले की रेल्वेचा कारखाना आणि बाजारपेठ डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु याच जुळ्या शहरांत गेल्या पाऊण शतकात अभियांत्रिकी शिक्षणाची एक परंपरा रुजली. त्या परंपरेतील विद्यार्थ्याला आज ज्या विषयाशी हटकून गाठ घालावी लागते, तो म्हणजे ‘फायनाइट एलिमेंट मेथड’. मराठीत आपण तिला परिमित घटक पद्धत म्हणू. पूल, बसचा सांगाडा, विमानाचा पंख, पंपाचे कवच किंवा मोडलेल्या हाडात बसवायची पट्टी यांपैकी कशाचीही ताकद आज बहुधा याच पद्धतीने अजमावली जाते.

या पद्धतीतील आकडेमोड संगणकाने केव्हाच आपल्याकडे घेतली. मग शिकणाऱ्याने शिकायचे काय उरले, हा प्रश्न अध्यापकांना आणि पालकांनाही पडतो. त्याचे उत्तर या पद्धतीच्या इतिहासात सापडते, असे मला वाटते.

वाकड्या, अवघड आकाराचे लहान लहान सोपे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याचा हिशेब करावा आणि मग ते जोडून मूळ आकाराविषयी निष्कर्ष काढावा, ही कल्पना फार जुनी आहे. आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर ९६ बाजूंची बहुभुजाकृती कल्पून परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर ३ पूर्णांक १०/७१ आणि ३ पूर्णांक १/७ यांच्या दरम्यान असल्याचे दाखविले. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यातील गोलाध्यायात आणि त्यावरील स्वतःच्या वासनाभाष्यात त्यांनी गोलाच्या पृष्ठाचा विचार असाच केला आहे. आवळ्यावर वरून खालपर्यंत जशा रेघा दिसतात, तशा रेघांनी गोलाच्या पृष्ठाचे काप पाडायचे, एका कापाचे क्षेत्रफळ काढायचे आणि कापांच्या संख्येने गुणायचे. घनफळासाठी गोलाच्या केंद्रात टोक आणि पृष्ठावर तळ असलेल्या सूच्या कल्पायच्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन केला. त्यासंबंधीचा १२०७ चा शिलालेख आजही उपलब्ध आहे. ग्रंथ लिहिला गेला तरी तो शिकविण्याची व्यवस्था वेगळी उभारावी लागते, ही जाण त्या शिलालेखात आहे.

तथापि क्षेत्रफळ मोजणे आणि लोखंडाचा भाग भाराखाली तग धरील काय हे सांगणे, यांत मोठे अंतर आहे. आपल्याच भागातील उदाहरण घेऊ. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ड्रॉइंग शिकविले, बेळगावात सायकलींचे दुकान घातले आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनविले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडाने जमीन नासेल अशी शंका शेतकऱ्यांना होती, आणि ती दूर करायला नांगर शेतात चालवून दाखविण्यावाचून उपाय नव्हता. कारखानदारालाही नांगराची खरी परीक्षा शेतातच घ्यावी लागे. घडवावे, वापरून पाहावे, मोडले तर तेथे जाडी वाढवावी, असाच तो काळ होता. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काय किंवा १९४१ मध्ये हरिहरला सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करच्या लेथ कारखान्यात काय, सरळ तुळई आणि गोल दांडा यांची सूत्रे पुस्तकात होती. ओतीव भागाच्या वेड्यावाकड्या आकाराला मात्र सूत्र नव्हते. तेथे अनुभवी मिस्त्रीचा अंदाज आणि सढळ हाताने घातलेले जास्तीचे लोखंड यांवर भिस्त असे.

नांगराच्या बाबतीत जास्तीचे लोखंड खपून जाते. विमानाच्या बाबतीत ते खपत नाही, आणि म्हणूनच या पद्धतीची खरी निकड विमानविद्येत भासली. त्याआधी दोन टप्पे होऊन गेले होते. रशियात जन्मलेल्या आणि कॅनडात स्थायिक झालेल्या अलेक्झांडर ह्रेनिकॉफ यांनी १९४१ मध्ये अखंड पत्र्याच्या जागी दांड्यांची जाळी कल्पून हिशेब करण्याची रीत मांडली. त्याच वर्षी गणिती रिचर्ड कूरांट यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे एक व्याख्यान दिले आणि ते १९४३ मध्ये छापले गेले. नाझी राजवटीमुळे गॉटिंगेन सोडून कूरांट न्यूयॉर्कला आले होते. पिळल्या जाणाऱ्या दांड्याच्या छेदाचे त्रिकोण पाडून, प्रत्येक त्रिकोणात उत्तर सरळ रेषेने बदलते असे मानून, आसन्न उत्तर कसे मिळते हे त्यांनी त्यात दाखविले. आज आपण वापरतो त्या पद्धतीचे बीज त्या काही पानांत होते. पण तेवढी समीकरणे सोडवायला संगणक नव्हते, आणि अभियंत्यांचे त्या लेखाकडे लक्षही गेले नाही.

१९५० नंतर जेट विमानांचे पंख आखूड, मागे झुकलेले आणि त्रिकोणी होऊ लागले. लांब, सरळ पंखाला तुळई मानून केलेला हिशेब त्यांना लागू पडेना. सिएटलच्या बोइंग कंपनीत टर्नर यांच्या मार्गदर्शनाखाली हा प्रश्न हाताळला जात होता. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील रे क्लफ हे तेथे उन्हाळी सुटीत कामाला जात. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्र्याचे त्रिकोणी तुकडे कल्पायचे, प्रत्येकाचा ताठरपणा काढायचा आणि ते सांध्यांवर जोडून पूर्ण पंखाचा ताठरपणा मिळवायचा, ही त्यातील रीत होती. युरोपात जॉन अर्गायरिस यांनीही याच सुमारास ऊर्जेच्या तत्त्वांवर आधारलेली समांतर मांडणी केली. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव मात्र क्लफ यांनी १९६० मधील एका निबंधात प्रथम वापरले.

क्लफ यांच्या चरित्रातील एक गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९५६-५७ मध्ये ते नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे अभ्यासरजेवर होते. तेथे त्यांना संगणक उपलब्ध नव्हता, टेबलावरचे आकडेमोडीचे यंत्र तेवढे होते. त्यामुळे मोजकेच तुकडे घेऊन त्यांनी हाताने उदाहरणे सोडविली आणि पद्धत कोठे बरोबर उत्तर देते, कोठे दगा देते, याची पारख केली. नाव पडण्यापूर्वीच ही पद्धत अशी कागदावर तावून सुलाखून निघाली होती.

आता तिचे अंतरंग एका उदाहरणाने पाहू. दहावीचे गणित येणाऱ्याला ते अवघड जाऊ नये. एक निमुळती सळई घ्या. जाड टोकाशी तिच्या छेदाचे क्षेत्रफळ बारीक टोकाच्या दुप्पट आहे आणि मध्ये ते एकसारखे कमी होत गेले आहे. जाड टोक भिंतीत पक्के केले आहे आणि बारीक टोकाला ओढ लावली आहे. सळई किती लांबेल? बारीक टोकाइतक्याच जाडीची सरळ सळई तेवढ्याच ओढीने जितकी लांबली असती, तिला आपण १ मानू. कलनशास्त्राने येणारे नेमके उत्तर ०.६९३१ आहे.

आता कलनशास्त्र बाजूला ठेवू. सगळी सळई एकच तुकडा मानली आणि तिची सरासरी जाडी दीडपट धरली, तर उत्तर १ भागिले १.५, म्हणजे ०.६६६७ येते. सळईचे दोन समान तुकडे केले, तर त्यांची सरासरी जाडी १.७५ आणि १.२५ पट होते. दोघांची लांबणी मिळविली की ०.६८५७ येतात. चार तुकडे केले तर ०.६९१२. चूक आधी सुमारे ३.८ टक्के होती, मग १.१ झाली, मग ०.३. तुकड्यांची संख्या दुप्पट केली की चूक साधारण चौथाईवर येते. शिवाय प्रत्येक वेळी उत्तर खऱ्यापेक्षा थोडे कमीच आले. आर्किमिडीजची आतली बहुभुजाकृती वर्तुळापेक्षा नेहमी लहान राहते, तशी आपली जोडलेली सळई खऱ्या सळईपेक्षा किंचित ताठर राहते. हा योगायोग नाही. तुकड्याला आपण मोजक्याच रीतींनी ताणू देतो, खरी सळई मात्र हवी तशी ताणली जाऊ शकते, म्हणून असे होते.

या छोट्या उदाहरणात पद्धतीची सगळी अंगे आली आहेत. तुकडे कसे पाडावेत हे आपण ठरविले. प्रत्येक तुकड्याला एक स्प्रिंग मानले. सांध्यावर दोन्ही तुकड्यांची टोके एकत्रच सरकतील आणि बलांचा तोल राखला जाईल, अशी अट घातली. एक टोक भिंतीत पक्के आहे हेही सांगितले. ही शेवटची गोष्ट सांगायची राहिली, तर समीकरणे सुटतच नाहीत. जिला कोणी धरलेलेच नाही अशी सळई ओढली तर ती सगळीच्या सगळी सरकत जाईल, आणि गणित तेच आपल्या भाषेत सांगते. संगणकाच्या पडद्यावर अशा वेळी येणारी सूचना विद्यार्थ्याला कोड्यासारखी वाटते. ज्याने दोन तुकड्यांची सळई वहीत सोडविली आहे, तो तिचा अर्थ चटकन ओळखतो.

१९६० नंतर पद्धतीचा प्रसार झपाट्याने झाला. वेल्समधील स्वान्सी येथे झिएनकीविच यांनी चुंग यांच्यासह १९६७ मध्ये या विषयाचे पहिले प्रसिद्ध पाठ्यपुस्तक काढले. तेथेच काम करणाऱ्या ब्रूस आयर्न्स यांनी अपुऱ्या स्मृतीच्या संगणकांवरही मोठी उदाहरणे सोडविण्याची युक्ती १९७० मध्ये प्रसिद्ध केली. तुकड्यांचा एखादा नवा प्रकार विश्वासार्ह आहे की नाही हे तपासण्याची ‘पॅच टेस्ट’ ही सोपी कसोटीही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या नासा संस्थेने ‘नॅस्ट्रान’ ही आज्ञावली तयार करविली आणि १९७० मध्ये जॉन स्वान्सन यांनी ‘ॲन्सिस’चा व्यवसाय सुरू केला. चीनमध्ये फेंग कांग यांनी धरणांच्या हिशेबांवरून जवळजवळ हीच पद्धत स्वतंत्रपणे शोधून १९६५ मध्ये मांडली होती. गरज सारखी असली की दूरदूरची माणसे एकाच वाटेला लागतात, याचे हे चांगले उदाहरण आहे.

भारतात संगणकच विरळ होते. कानपूरच्या आयआयटीत आयबीएम १६२० हा संगणक १९६३ मध्ये आला आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा १९६४ मध्ये. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची, अशी तेव्हाची रीत होती. कार्डावर एक छिद्र चुकले तर सगळी फेरी फुकट जाई, त्यामुळे गठ्ठा देण्यापूर्वी कागदावर पडताळा घेणे भागच असे. परदेशी महासंगणक मिळणे अवघड झाले, तेव्हा पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. पुढे वैयक्तिक संगणक स्वस्त झाले आणि ही पद्धत मोठ्या संस्थांच्या दालनांतून साध्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आली.

हुबळी-धारवाडची जमीन त्यासाठी तयार होती. १९१६ मध्ये बेळगावात स्थापन झालेल्या कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीने स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, हुबळीत भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. सांगलीचे वालचंद महाविद्यालयही त्याच वर्षीचे. तोवर या भागातील मुलाला अभियंता व्हायचे तर पुण्याची किंवा मुंबईची वाट धरावी लागे. धारवाडला कर्नाटक विद्यापीठ आले, १९७९ मध्ये श्री धर्मस्थळ मंजुनाथेश्वर अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, आणि १९९८ मध्ये बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठाच्या यंत्र अभियांत्रिकी अभ्यासक्रमात परिमित घटक पद्धत पदवी स्तरावरच आली. एके काळी संशोधकांपुरता असलेला विषय खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारो मुलामुलींच्या परीक्षेचा विषय झाला. हुबळीचे महाविद्यालय २०१५ पासून केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून काम करीत आहे.

या विषयावर भारतीय विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या दोन पाठ्यपुस्तकांचा संबंध आपल्या शहरांशी येतो, ही अभिमानाने नोंदविण्याजोगी गोष्ट आहे. सुरतकल आणि धारवाड येथे अध्यापन केलेले एस. एस. भाविकट्टी यांचे ‘फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस’ २००५ मध्ये निघाले. ते स्थापत्य अभियंते असले तरी त्यांचे पुस्तक यंत्र शाखेचे विद्यार्थीही वापरतात. मुंबई आयआयटीतील यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक पी. शेषू यांचे पाठ्यपुस्तक २००३ चे. २०१६ मध्ये धारवाडला ‘वाल्मी’च्या आवारात आयआयटी सुरू झाली, आणि पुढे शेषू तिचे संचालक झाले. पुण्याच्या वाहन उद्योगात वावरलेल्या नितीन गोखले, संजय देशपांडे, संजीव बेडेकर आणि आनंद थिटे यांनी २००८ मध्ये ‘प्रॅक्टिकल फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस’ हे पुस्तक काढले. मेश कोठे बारीक असावा, नोंदी कशा तपासाव्यात, अहवालात काय लिहावे, असे कारखान्यात रोज पडणारे प्रश्न त्यात हाताळले आहेत. या तिन्ही पुस्तकांनी परदेशी ग्रंथ विकत घेऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्याची मोठी सोय केली.

आता या इतिहासातील एका अपघाताकडे वळले पाहिजे. नॉर्वेच्या समुद्रातील वायुक्षेत्रासाठी ‘स्लीप्नर ए’ या फलाटाचा काँक्रीटचा अजस्र पाया बांधण्यात आला होता. २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या फियॉर्डमध्ये त्याची चाचणी चालू असताना एका पोकळ कप्प्याची भिंत फुटली. पाणी आत घुसले आणि सगळी रचना तळाशी जाऊन चक्काचूर झाली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही, पण नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले. चौकशीत असे आढळले की, जेथे तीन भिंती मिळतात त्या जागेचे तुकडे फार ढोबळ आणि वेडेवाकडे पाडले गेले होते. त्यामुळे तेथील कातर प्रतिबल ४७ टक्के कमी दाखविले गेले. तेथील सळयाही आखूड पडल्या होत्या. नंतर काळजीपूर्वक केलेल्या हिशेबाने ही भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे सांगितले, आणि प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. पद्धत खरी होती आणि आज्ञावलीही नामांकित होती. त्या जागेचे उत्तर कोणी हाताने ताडून पाहिले नव्हते. नव्या पायाचे काम हाती घेताना तेथील अभियंत्यांनी संगणकपूर्व काळातील, हाताने करायच्या हिशेबांचा आधार घेतला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ज्या देशात क्लफ यांनी संगणकाविना ही पद्धत पारखली, त्याच देशात पस्तीस वर्षांनी हे घडले.

या अपघाताचा बोध आपल्या वर्गांपर्यंत आला पाहिजे. आज विद्यार्थी पडद्यावर वस्तूचा आकार काढतो, एक कळ दाबून तिचे लाखभर तुकडे पाडतो, आणि क्षणभरात निळ्यापासून लालपर्यंत रंगलेले चित्र त्याच्यापुढे येते. चित्र देखणे असते, म्हणून ते खरे वाटू लागते. परंतु आधार चुकीच्या जागी दिला असेल, मिलिमीटरच्या जागी मीटर पडले असेल, तरी चित्र तितकेच देखणे येते. संगणक दिलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. प्रश्न योग्य मांडला आहे काय, हे त्याला ठाऊक नसते.

यासाठी दोन अभ्यास फार उपयोगी पडतात. पहिला, मध्ये गोल भोक असलेल्या रुंद पत्र्याचा. पत्रा ओढला की भोकाच्या काठावर प्रतिबल सरासरीच्या तिप्पट होते, हे किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने सिद्ध केले. विद्यार्थ्याने भोकाभोवतीचे तुकडे क्रमाने बारीक करीत जावे आणि आपले उत्तर ३ कडे स्थिरावते की नाही ते पाहावे. दुसरा, आत वळलेल्या धारदार कोपऱ्याचा. येथे तुकडे जितके बारीक करावेत तितके प्रतिबल वाढतच जाते, कोठेही स्थिरावत नाही. खऱ्या वस्तूला नेहमी थोडी गोलाई असते, आणि ती चित्रात न दाखविल्याचा हा परिणाम. पहिल्या अभ्यासाने पद्धतीवर विश्वास बसतो आणि दुसऱ्याने तिच्या मर्यादा कळतात. वर्गाच्या तासाला ही दोन उदाहरणे आणि ती निमुळती सळई मनापासून करून घेतली, तर पुढे कोणतीही आज्ञावली आली तरी विद्यार्थी तिचा मालक राहील.

हे काम अभियांत्रिकी महाविद्यालयात सुरू होते असे समजू नये. उत्तर लिहिण्याआधी ते साधारण किती यावे याचा अंदाज बांधण्याची आणि आल्यावर ताळा करून पाहण्याची सवय शाळेतच लागते. पाढे, अपूर्णांक, भूमितीतील रचना आणि पायरी पायरीने लिहिलेले गणित यांना आज पुष्कळजण जुनाट मानतात. धारवाडजवळच्या कारखान्यात बसच्या सांगाड्याचा हिशेब तपासणाऱ्या तरुण अभियंत्याला, पडद्यावरचा आकडा दहापट चुकलेला आहे हे एका नजरेत ओळखता यावे, असे आपल्याला वाटत असेल, तर त्याची तयारी त्याच फळ्यापुढे होते. त्या बसमधून आपलीच मुले प्रवास करणार आहेत.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्या पिढीतील शिक्षक उत्तर बरोबर आले तरी रीत पाहिल्याशिवाय गुण देत नसत. त्यांची ही शिस्त संगणकाच्या काळात अधिकच मोलाची ठरली आहे, एवढेच या निमित्ताने नम्रपणे सांगून मी हे विवेचन पुरे करतो.